सिंधू, ते पान मी उलटलं नव्हतं

अनय, रमा,

हे पत्र तुम्हाला पाठवते आहे, पण यातलं बरंचसं बोलणं तुमच्याशी नाही. तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, तुमची सिंधूआजी, जाऊन आज अठरा दिवस झाले. तुम्ही इतके लांब, तेव्हा कार्यक्रमाला येणं शक्यच नव्हतं. परवा फोनवर अनयने विचारलं, "आजी, सिंधूआजी बास्केटबॉल शिकवायची ना? मग तिलाच रूल्स येत नव्हते, असं बाबा का सांगत होते? काहीतरी गंमत आहे ना त्यात?"

मी म्हटलं, नंतर सांगते, आणि फोन ठेवला. ती गंमत इतक्या लांब तुमच्या घरात जाऊन पोहोचली, म्हणून आज लिहायला बसले आहे. ती तिथे तशीच राहिली तर तुम्ही ती तुमच्या मुलांना सांगाल, आणि मग ती पुसायला मी नसेन.

मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. तुम्हाला समजावून सांगायला लागले की माझा आवाज वर्गातला होतो, आणि वर्गातल्या आवाजात स्वतःची चूक लपवणं फार सोपं असतं. म्हणून मी तिच्याशीच बोलणार आहे. तुम्ही शेजारी बसून ऐका. एखादा शब्द अडेल तिथे बाबांना विचारा. खरी गोष्ट मात्र त्यालाही माहीत नाही.

सिंधू,

पुण्यानुमोदनाला हॉल भरला होता. वंदना झाली, भन्तेजी बोलले, मग चौघे-पाच जण तुझ्याविषयी बोलले. शेवटी ते सर उठले. तुझ्या वेळी मुलांच्या शाळेत पी.टी. शिकवायचे तेच. आता काठी आली आहे, पण माईक हातात घेतल्यावर काठी विसरतात. म्हणाले, "सिंधूबाईंचा उत्साह दांडगा. नियम मात्र त्यांनी घरीच तयार केले होते. फायनलला पुस्तक घेऊन पंचांशी भांडायला गेल्या, आणि पुस्तकातच निघालं की बाई चुकल्या."

लोक हसले. वाईट हसले नाहीत. गेलेल्या माणसाच्या खोड्या आठवून हसतात तसे, मायेने हसले. मला त्या मायेचाच राग आला. तुझ्या सगळ्या वर्षांतून लोकांच्या लक्षात राहिलं ते हे, आणि हे तुझं नव्हतंच.

मी पहिल्या रांगेत होते. उठले नाही. गुडघे दुखतात, पण ते कारण नव्हतं. पन्नास वर्षं गप्प बसायची सवय झाली की उठायचं कसं हेच माणूस विसरतो. घरी येऊन मी चहासुद्धा केला नाही. तुझा दादा असता तर त्याने विचारलं असतं, काय झालं. पण तोही हे न कळताच गेला. हे फक्त तुला आणि मला माहीत होतं, आणि आता मला एकटीला माहीत आहे. हे मला चालणार नाही.

म्हणून पहिल्यापासून सांगते. तू मध्ये बोलू शकत नाहीस याचा फायदा घेते.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. नाशिक रोडला नोटांच्या प्रेसच्या कॉलनीत आपली दोन खोल्यांची जागा. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली सून म्हणून साऱ्या कॉलनीत कौतुकाची. कुणाला तार आली, कुणाला दवाखान्याची चिठ्ठी आली, की वाचायला माझ्याकडे. तू बावीस वर्षांची, गंगापूर रोडच्या एका मुलींच्या शाळेत पी.टी.ची तात्पुरती बाई. कबड्डी, खो-खो तुझ्या अंगात होतं. त्या वर्षी शाळेत बास्केटबॉलचे दोन खांब उभे राहिले आणि मोठ्या बाई तुला म्हणाल्या, "हे तुम्ही बघा." तू हो म्हणून आलीस. खेळ तू कधी पाहिलासुद्धा नव्हतास.

मेन रोडच्या रद्दीवाल्याकडे तुला नियमांचं पुस्तक मिळालं. जुनं, पाठ उसवलेलं, आणि सगळं इंग्रजीत. मॅट्रिकला तू इंग्रजीतच दोनदा अडकली होतीस. पुस्तक माझ्यापुढे टाकून म्हणालीस, "वहिनी, तू वाच, मी करते."

तसंच आपण शिकलो. मी चुलीपाशी पाटावर बसून एक वाक्य वाचायचं, मराठीत सांगायचं, आणि तू ते शहाबादी फरशीवर पायांनी करून पाहायचं. खडूने तू पावलं काढायचीस. जो पाय हलवायचा नाही तो गेरूने. चेंडू हातात घेऊन उभं राहिलं की एक पाय जागचा हलवायचा नाही, दुसरा हवा तिकडे, हवा तितका फिरवायचा. त्या न हलणाऱ्या पायाला पुस्तकात काही नाव होतं. ते मी सांगितल्यावर तू म्हणालीस, "म्हणजे खुंटा. गाय फिरते, खुंटा फिरत नाही." तेव्हापासून तो खुंट्याचा पाय. चेंडू घेऊन पळता येत नाही, जायचं तर एका हाताने टप्पे मारत जायचं. एकदा का चेंडू दोन्ही हातांत धरला की ते टप्पे संपले, पुन्हा सुरू करता येत नाहीत. आणि टप्पा न मारता खुंटा हलवला की शिट्टी, चेंडू समोरच्यांना. त्याला ट्रॅव्हलिंग म्हणतात. सासूबाई म्हणायच्या, "मुलींना जरा हलूसुद्धा देत नाहीत, हा कसला खेळ."

शाळेचा बॉल घरी आणायची परवानगी नव्हती. म्हणून उशीच्या खोळीत जुनी लुगडी कोंबून तू गोळा केला होतास. तो उडायचा नाही. तू तो हातात धरून नुसतं तोंडाने "टप्पा, टप्पा" म्हणत खोलीभर फिरायचीस. हे मी मुद्दाम सांगते आहे. तो गोळा उडत असता तर जे झालं ते त्याच संध्याकाळी आपल्या लक्षात आलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. ते खरं नाही. लक्षात यायला पुस्तक पुरेसं होतं.

ती संध्याकाळ मला शब्दाशब्दाने आठवते. चुलीवर वांगी होती. दादा सहाला शिफ्ट सुटून येणार होता.

"वहिनी, पुढे."

"अगं, भाजी लागेल."

"लागू दे. खुंटा उचलला तर चालतो का, ते सांग."

मी वाचलं. पास द्यायचा असेल किंवा बास्केट टाकायचं असेल तर उचलता येतो, फक्त तो पाय परत जमिनीला टेकायच्या आत चेंडू हातातून गेला पाहिजे. तू गोळा घेऊन पाय उचललास, गोळा पलंगावर फेकलास, मग पाय टेकलास. खूश झालीस.

"आणि टप्पा सुरू करायचा असेल तर?"

ते वाक्य पानाच्या तळाशी संपलं होतं. पुढे पूर्णविराम होता. मी म्हटलं, "तेच की. टप्प्यालाही चेंडू हातातून जातोच ना."

"नक्की?"

"नक्की."

मग मी पुस्तक पालथं ठेवून भाजी हलवायला वळले. पान उलटलं नाही. तू नेमका तोच प्रश्न विचारला होतास, सिंधू. उत्तर पुढच्या पानाच्या पहिल्या दोन ओळींत होतं. मला इंग्रजी येत नसतं तर मी पान उलटून खात्री केली असती. येत होतं, म्हणून केली नाही.

तुझ्या मुली त्या वर्षी सगळ्या नाशकात गाजल्या, त्या त्यांच्या सुरुवातीमुळे. चेंडू हातात घेऊन उभी असलेली मुलगी आधी खुंट्याच्या पायाने पुढे झेप घ्यायची आणि मग टप्पा मारायची. समोरची हलायच्या आत आपली अर्धं पाऊल पुढे. लता तर निघाली की दिसायचीच नाही. लता तुझी कॅप्टन, गाडीतळाजवळ राहणाऱ्या हमालाची मुलगी, सगळ्यांत काटक. पंच म्हणजे इतर शाळांचेच शिक्षक, गळ्यात शिट्टी घातलेले. त्यातला एखादा कुरकुरला की दुसरा म्हणायचा, "अहो, त्यांच्याकडे इंग्रजी पुस्तक आहे." पुस्तकावर सगळ्यांचा विश्वास, आणि पुस्तकाचा विश्वास माझ्यावर.

मोठ्या बाईंनी तुला ऑफिसात बोलावून सांगितलं होतं, मुली जिल्ह्यातून जिंकून विभागाला गेल्या तर तुमची जागा कायम करायचं मी मंडळापुढे मांडीन. नाहीतर जूननंतरचं मला सांगता येणार नाही. घरी येऊन तू ते हसत सांगितलंस. पण त्या रात्री तू जेवताना भाकरी मोडून नुसती ताटात फिरवत होतीस, ते मी पाहिलं होतं. आपल्या घरात कायम नोकरी फक्त दादाची होती. तुला तुझी हवी होती. तिच्यावर तुझं सगळं ठरलेलं होतं. घर सोडून जावं लागणार नाही, कुणाच्या पुढ्यात चहा घेऊन जावं लागणार नाही.

फायनलला पुण्याहून पंच आले होते. उतारवयाचे, शांत, कुणाशी न बोलणारे. मैदानावर पाणी मारून मुरूम बसवलेला. मी प्रेक्षकांत, मांडीवर डब्याची पिशवी, पिशवीत पुस्तक. तू ते प्रत्येक सामन्याला न्यायचीस, देवाचा अंगारा न्यावा तसं.

पहिला चेंडू लताला मिळाला. तिने झेप घेतली आणि शिट्टी वाजली. पंचांनी दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवल्या. ट्रॅव्हलिंग. मुलींना वाटलं, चुकून वाजली. पुन्हा झेप, पुन्हा शिट्टी. मग दुसरीची, मग तिसरीची. पाच-सात मिनिटांत सहा वेळा. लता स्वतःच्या पायांकडे बघत उभी राहिली, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. मैदानाच्या कडेची रेषा ओलांडून तू तेव्हाच आत गेलीस.

"बाई, बाहेर व्हा," पंच म्हणाले.

"नियम दाखवा. मग होते."

"तुमच्याकडे पुस्तक आहे म्हणतात. तुम्हीच दाखवा."

लोक हसले. तू माझ्याकडे वळून हाक मारलीस, "वहिनी, पुस्तक घेऊन ये."

मी तिथपर्यंत कशी चालत गेले ते आठवत नाही. डब्याची पिशवीही खाली ठेवली नव्हती. तू पान काढलंस, बोट ठेवलंस आणि म्हणालीस, "वाच." मी वाचलं. पानाच्या तळाशी आले. मग, पहिल्यांदा, पान उलटलं.

दोन ओळी होत्या. मी त्या मनात वाचल्या. पंच पुस्तकाकडे बघत नव्हते, माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांना पाठ होत्या.

"वाच ना, वहिनी."

मी इंग्रजीत वाचलं, अगदी हळू.

"मराठीत."

"टप्पा सुरू करताना," मी म्हटलं, "खुंट्याचा पाय उचलायच्या आधी चेंडू हातातून सुटला पाहिजे."

तू माझ्याकडे पाहिलंस. फार थोडा वेळ. त्यात राग नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. चेंडू अंगावर येताना तो कुठे झेलायचा हे बघतात तशी तू पाहत होतीस. मग पंचांकडे वळलीस.

"चूक माझी. मी नीट वाचलं नव्हतं."

"तुम्ही वाचता इंग्रजी?"

"वाचते."

शिक्षकांच्या बाकावरून हेच सर, तेव्हा काळ्या मिशांचे, हसत म्हणाले, "बाई, मॅट्रिकला तर ते वाचलं नव्हतंत." अख्खं मैदान हसलं. मी तुझ्या शेजारी पुस्तक धरून उभी होते, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पहिली वेळ ती. त्यानंतरच्या सगळ्या वेळा तिच्यापेक्षा सोप्या गेल्या.

पण त्यानंतर तू काय केलंस ते सर माईकवर सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. तू टाइम आउट मागितलास. मुलींना मुरुमावर उकिडवं बसवलंस आणि म्हणालीस, "बॉल आधी, पाय मागून. एवढंच बदलायचं आहे. बाकी तुमचं सगळं बरोबर आहे."

"बाई, पाय ऐकत नाहीत," लता रडत म्हणाली.

"ऐकतील. हळू निघ. म्हातारीसारखी निघालीस तरी चालेल, शिट्टी नको."

सबंध वर्षाची सवय त्यांनी तिथे, लोकांसमोर, हरत असताना मोडली. आधी अडखळल्या. चेंडू सोडायच्या आणि पाय विसरायच्या. समोरच्यांनी त्या वेळात भराभर गुण केले. शेवटच्या दहा मिनिटांत ट्रॅव्हलिंगची एकही शिट्टी वाजली नाही. पाच गुणांनी आपण हरलो. पंच जाताना तुला म्हणाले, "एका सामन्यात खोड गेलेली मी पाहिली नव्हती. पोरी चांगल्या शिकवल्यात." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

नाशिक रोडच्या बसमध्ये आपल्याला मागची सीट मिळाली. द्वारका चौक गेल्यावर मी म्हटलं, "उद्या मी मोठ्या बाईंना जाऊन सांगते."

"काय?"

"पान मी उलटलं नाही म्हणून."

"तोंड बंद ठेव."

"सिंधू, तुझी जागा जाईल."

"जाईल. मला खेळातलं कळत नाही म्हणाले ना, मग मी उद्या मैदानात उतरून दाखवीन. तुला इंग्रजी येत नाही म्हणाले तर तू कुठे उतरणार? पुढच्या आठवड्यात तुझी शाळेतल्या नोकरीची मुलाखत आहे. तिथे तू एकटी बसणार आहेस का? कॉलनीतल्या सगळ्या पोरी तुझ्या मागे उभ्या आहेत. दुसऱ्यांची एक चुकली तर ती एकटी चुकते. आपल्यातली चुकली की म्हणतात, बघा, यांना जमतच नाही."

"म्हणून तू खोटं ऐकून घेणार?"

"लय बोलू नको. सांगितलंस तर तुझ्या हातचं जेवणार नाही."

कंडक्टर तिकीट मागायला आला आणि बोलणं तिथेच राहिलं. मी अजून त्या वाक्यावरच आहे.

मुलाखतीत मला एक उतारा वाचायला दिला. मी पान उलटून पुढचंही वाचून पाहिलं. ते म्हणाले, फार नीट वाचता. नोकरी मिळाली. जूनमध्ये तुला शाळेने येऊ नका म्हणून कळवलं.

तू चुकलीस, सिंधू. हे मी तुला तेव्हा सांगितलं, दहा वर्षांनी सांगितलं, दवाखान्यात सांगितलं, आणि आता तुझ्या फोटोसमोर बसून सांगते आहे. माझी अब्रू माझी होती. ती वाचवायची की नाही हे मी ठरवायला हवं होतं. माझ्या एका चुकीने कॉलनीतल्या पोरींचं इंग्रजी बुडालं नसतं. बुडवणारे निघाले असते तर आपण त्यांच्याशी भांडलो असतो, तू आणि मी, दोघी. तू मला त्या भांडणात उतरूच दिलं नाहीस. आणि मी उतरले नाही, कारण तुझं म्हणणं मला सोयीचं होतं. दोन्ही खरं आहे. यातलं दुसरं मी तुला कधी बोलून दाखवलं नव्हतं.

पण तू घरी बसली नाहीस. बालवाडीत लागलीस, अर्ध्या दिवसाचं काम. कॉलनीच्या मागे मोकळी जागा पडून होती. दादाच्या पाळीतल्या चौघांनी रविवारी खड्डा खणून खांब उभा केला. वेल्डिंगवाल्याने सळई वाकवून रिंग करून दिली, जराशी वाकडीच. दुसऱ्या दिवसापासून पहाटे लता आणि तिच्या मागून सहा-सात जणी. शेजारच्या काकू गच्चीवरून म्हणाल्या, "अगं सिंधू, नोकरी गेली, आता कशाला हा खटाटोप? लय झालं."

"नोकरी गेली काकू, खेळ कुठं गेलाय?"

बायका म्हणायच्या, पोरी उघड्या पायांनी उड्या मारतात. तू म्हणायचीस, तुमची आणा, पायजमा घालून आणा. आणायच्याही.

पुढे ऐंशीच्या दशकात तुला पंचांची परीक्षा द्यायची होती. तेव्हा तू माझ्याकडून सबंध पुस्तक मराठीत लिहून घेतलंस, ओळ न ओळ, दोनशे पानी वहीत. सव्वा वर्ष रोज संध्याकाळी. प्रत्येक पानाच्या शेवटी, पेन्सिल दातात धरून, तू एकच शब्द विचारायचीस. "उलटलं?"

"उलटलं."

"नीट?"

"नीट, बाई."

एवढाच सूड तू घेतलास. सासूबाईंना कळायचं नाही आपण का हसतोय ते. मी हसायचे आणि पुढचं पान काढायचे.

परीक्षा पास झालीस. पांढरा शर्ट, काळी पँट. पँटसाठी दादाशी दोन दिवस अबोला. मग त्यानेच शिंप्याकडे नेलं. एकदा आपल्याच कॉलनीच्या मुलीची, अगदी शेवटच्या मिनिटाला, ट्रॅव्हलिंगची शिट्टी वाजवलीस आणि तिची आई पुढे कितीतरी दिवस आपल्या नळावर पाणी भरायला आली नाही. आणि एकदा सरांच्या शाळेच्या मुलांचा सामना तुझ्याकडे आला. त्यांच्या कॅप्टनच्या चार शिट्ट्या वाजवल्यास, चारही सुरुवातीच्याच. मी बघायला आले होते. सरांनी पुस्तक मागितलं नाही.

आपण किती भांडलो गं. बटाटेवड्यात लसूण किती घालायचा यावरून, तुझ्या दादाच्या बिड्यांवरून, माझ्या मुलाला तू उन्हात पळवायचीस यावरून. ती सगळी भांडणं मिटली, हे एक सोडून. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी विषय काढला तेव्हा तू डोळे न उघडता म्हणालीस, "अजून तेच घेऊन बसलीस? जरा पाणी दे." मी पाणी दिलं. तीस वर्षं मी मुलांना इंग्रजीत आभार मानायला शिकवलं, उभं राहून, मोठ्याने. तुला एकदाही म्हटलं नाही. म्हणायचं तर आधी कशासाठी ते सांगावं लागलं असतं.

कार्यक्रमानंतर चौथ्या दिवशी मी रिक्षा करून सरांकडे गेले. गंगापूर रोडला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात. त्यांनी बसवलं, सुनेने सरबत दिलं. मी सरळ सांगितलं. पुस्तक सिंधूला मी वाचून दाखवलं होतं. तिने नेमका तो प्रश्न विचारला होता. पान मी उलटलं नाही.

त्यांनी सरबताचा पेला माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "वहिनी, आता काय फरक पडतो?"

"तुम्ही परवा माईकवर सांगितलंत, म्हणजे पडतो."

"मी आपलं गमतीने."

"माहीत आहे. गंमतच राहते लोकांच्या लक्षात."

"इतकी वर्षं का नाही बोललात?"

"ती नको म्हणाली. आणि मला ते बरं पडलं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हातारा मनाने वाईट नाही, तुलाही तो तसा आवडायचा, लबाड म्हणायचीस. म्हणाले, "मग लिहून द्या. पुढच्या महिन्यात आमच्या जुन्या शिक्षकांची बैठक आहे. वाचून दाखवतो."

"लिहूनच आणलंय," मी म्हटलं, आणि पिशवीतून कागद काढला. दोन्ही बाजूंनी लिहिलेला होता. मी त्यांना म्हटलं, मागची बाजूही वाचा.

तू रागावशील. रागाव. तू मला एक गोष्ट करू नको म्हणाली होतीस आणि मी ती पन्नास वर्षं पाळली. आता नाही पाळणार. तुझ्या बाजूने बोलायला मी एकटी उरले आहे, आणि तुझ्या परवानगीची वाट बघत बसले तर मीही उरणार नाही.

अनय, रमा, आता तुमच्याशी. ती गोष्ट सांगायची बंद करा असं मी म्हणत नाही. सांगा, हसा. फक्त नाव बरोबर घाला, आणि शेवटची दहा मिनिटं गाळू नका.

कॉलनीच्या मागे खांब अजून आहे. रिंग नवी आली, सरळ आहे. पहाटे लता येते, तिलाही नात आहे, आणि तिच्याबरोबर दहा-बारा मुली येतात. रविवारी मी गेले होते. नव्या मुलींना टप्पा कसा सुरू करायचा हे शिकवताना ती त्या फायनलची गोष्ट सांगते, पूर्वीपासून सांगते. रविवारी मी तिला सगळं सांगितलं. सोमवारी माझ्यादेखत तिने ती पुन्हा सांगितली, आणि पान न उलटणाऱ्या बाईचं नाव म्हणून माझं नाव घेतलं.